आधी किंमत ठरते, मग कन्सोल बनतो

लॅमिंग्टन रोडवरच्या एका छोट्या दुकानात मी भाच्यासोबत उभी होते. काउंटरवर सोनीच्या प्लेस्टेशन फाइव्ह, म्हणजे पीएस फाइव्ह या गेम कन्सोलची दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली. दुकानदार एकावर हात ठेवून म्हणाला, "हा इंडियन पीस. पक्कं बिल, कंपनीची वॉरंटी." मग दुसऱ्यावर हात. "हा इम्पोर्टेड. थोडा स्वस्त पडेल, पण वॉरंटी माझी, सात दिवसांची." भाच्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने खोकं उलटं करून छापील किंमत वाचली, ५४,९९० रुपये, आणि मोबाइलवर एक जुनी बातमी उघडून माझ्यापुढे धरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये हाच कन्सोल भारतात आला तेव्हा ४९,९९० ला होता. "मावशी, माझा फोन दोन वर्षांत निम्म्या किमतीवर आला. हा जुना होऊन महाग कसा झाला? आणि पीएस सिक्स आला की काय होईल? थांबू का?"

बारावीनंतरच्या सुट्टीत काम करून त्याने हे पैसे जमवले होते, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. मी एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम करते. आमच्याकडे किंमत काढायची रीत सरळ आहे: माल, मजुरी, वीज, भाडं, आणि वर नफा. भाच्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले, तेव्हा दिसलं की कन्सोलच्या धंद्यात ही रीत जवळजवळ उलटी चालते. किंमत आधी ठरते आणि मशीन त्या किमतीत बसवलं जातं. जिथे हा क्रम चुकला तिथे मोठमोठ्या कंपन्या तोंडावर पडल्या आहेत.

'पिढी' म्हणजे काय

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा, फक्त त्याच कामासाठी बनवलेला संगणक. फोनचं नवं मॉडेल दरवर्षी येतं, कन्सोलचं साधारण सहा-सात वर्षांनी. मधल्या काळात मूळ मॉडेलची ताकद तीच राहते, म्हणून गेम बनवणाऱ्याला ठाऊक असतं की कोट्यवधी घरांत नेमकं हेच मशीन आहे. अशा एका टप्प्याला 'पिढी' म्हणतात. २००५-०६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०, सोनीचा पीएस थ्री आणि निन्टेन्डोचा वी, २०१३ मध्ये पीएस फोर आणि एक्सबॉक्स वन, २०२० मध्ये पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स. एकदा ठरवलेली चूक सहा-सात वर्षं सोबत राहते, म्हणूनच तारीख आणि किंमत या दोन आकड्यांवर एवढा खल होतो.

तोट्यात विकून धंदा कसा होतो?

घरी डिश टीव्ही बसवला तेव्हा सेट टॉप बॉक्स किती स्वस्तात मिळाला ते आठवून बघा. कंपनीला बॉक्सवर कमवायचंच नव्हतं. तिची नजर दर महिन्याच्या रिचार्जवर होती. कन्सोलचंही तसंच आहे. एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांच्यातला खटला २०२१ मध्ये अमेरिकेत चालला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. २०२२ मध्ये एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी एका कन्सोलमागचा तोटा १०० ते २०० डॉलर असल्याचं सांगितलं होतं. सोनीचा ४९९ डॉलरचा पीएस फाइव्हही तोट्यातून बाहेर यायला ऑगस्ट २०२१ उजाडला.

पैसा मागून येतो. कन्सोलवर दुसऱ्या कंपनीचा गेम विकला गेला की साधारण ३० टक्के वाटा कन्सोलवाल्याला मिळतो. कर बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करू. समजा एका कन्सोलवर ७,५०० रुपयांचा तोटा आहे आणि गेम ५,००० चा आहे. गेममागे १,५०० सुटले, म्हणजे पाच गेममध्ये तोटा भरून निघाला. सहाव्यापासून कमाई. ऑनलाइन खेळण्याची वर्गणी आणि जादा रिमोट वेगळेच. स्वतःच्या स्टुडिओने बनवलेला गेम असेल तर वाटा याहून मोठा.

इथे शंका येते: मग जितके जास्त कन्सोल विकले तितका जास्त तोटा नाही का? पहिल्या वर्षात होतो, खरोखरच होतो. म्हणून कंपनीला दोन गोष्टींची घाई असते. विकत घेणाऱ्याने लवकर गेम घ्यावेत आणि कन्सोल बनवण्याचा खर्च लवकर खाली यावा. यातलं एक जरी अडलं तरी अख्खा हिशेब कोसळतो.

निन्टेन्डो या वाटेने सहसा जात नाही. २००६ मधला वी ताकदीने शेजारच्या दोन्ही कन्सोलपेक्षा कमी होता, पण २४९.९९ डॉलरला विकूनही त्यावर पैसे सुटत होते आणि तो १० कोटींच्या वर खपला. स्वस्त ठेवायचं म्हणजे तोटा सोसायचाच असं नाही. यंत्र साधं ठेवणं हाही मार्ग आहे.

कापड बघून शर्ट शिवायचा

सोनीने २००६ मध्ये पीएस थ्री आणला तो उलट्या क्रमाने. सेल नावाचा खास प्रोसेसर, त्या वेळी अगदी नवा असलेला ब्लू-रे ड्राइव्ह, जे जे उत्तम ते सगळं आत घातलं आणि मग किंमत काढली. ती आली ४९९ आणि ५९९ डॉलर. एवढी किंमत लावूनही, आयसप्लाय या संस्थेने मशीन उघडून सुटे भाग मोजले तेव्हा खर्चाचा अंदाज ८०० डॉलरच्या वर गेला. वर्षभर आधी आलेला एक्सबॉक्स ३६० हा २९९ आणि ३९९ डॉलरला दुकानात होता. ब्लू-रेच्या निळ्या लेझरचा सुटा भाग पुरेसा बनत नव्हता, म्हणून युरोपातलं आगमन मार्च २००७ पर्यंत लांबलं. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३० अब्ज येनहून जास्त तोटा झाला.

सात वर्षांनी सोनीने धडा गिरवला आणि चूक दुसऱ्या बाजूने झाली. पीएस फोर ३९९ डॉलरला आला. एक्सबॉक्स वन ४९९ ला, कारण त्यासोबत किनेक्ट नावाचा कॅमेरा घ्यावाच लागे. अनेकांना तो नको होता, पण त्याचे पैसे किमतीत धरलेले. वर्षभराच्या आत मायक्रोसॉफ्टला कॅमेरा वगळून स्वस्त खोकं काढावं लागलं. तोवर पहिल्या लाटेतली पोरं मित्रांच्या मागोमाग पीएस फोरकडे गेली होती. ही मित्रांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाच्याच्या ग्रुपमधल्या चौघांकडे पीएस आहे, म्हणून त्याने एक्सबॉक्सची चौकशीसुद्धा केली नाही. सुरुवातीचे शंभर डॉलर एका गिऱ्हाइकाला नाही, त्याच्या अख्ख्या कट्ट्याला वळवतात.

म्हणून आता रीत अशी: अमेरिकेतलं घर किती डॉलरला 'चला, घेऊन टाकू' म्हणेल तो आकडा आधी धरायचा आणि इंजिनीअरांना सांगायचं की कापड एवढंच आहे, यात शर्ट बसवा. पीएस फाइव्हच्या चिपवर चित्र रंगवणारे ४० कप्पे आहेत, पण चालू ठेवतात ३६. चार मुद्दाम बंद. का, ते पुढच्या भागात येईल, पण हा निर्णय ताकदीपेक्षा किमतीसाठी घेतलेला आहे.

हापूसचा नियम मोडला

वाशीच्या बाजार समितीत देवगडच्या पहिल्या पेट्या येतात तेव्हा भाव ऐकूनच आपण मान हलवतो. ज्याला मोसमातला पहिला आंबा हवाच असतो तो तेव्हाही घेतो. मे महिना येतो, आवक वाढते आणि तोच आंबा आपल्या पिशवीत येतो. कन्सोलचा बाजार पंचवीस वर्षं असाच चालला. पीएस टू अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ झाला, २००४ मध्ये १४९, आणि २००९ मध्ये ९९. पहिल्या वर्षी हौशी लोक, तिसऱ्या वर्षी मध्यमवर्गीय घर, सातव्या वर्षी ज्यांना कधीच परवडलं नसतं ते. १६ कोटींवर गेलेला खप या पायऱ्यांनी झाला.

किंमत उतरायची ती चिपमुळे. चिप कशी बनते ते शंकरपाळ्यांवरून बघू. सिलिकॉनची गोल, पातळ चकती म्हणजे लाटलेली पोळी. तिच्यावर शेकडो चिप छापून त्या कापून काढतात. कडेचे तुकडे वाया जातात, मधलेही काही बिघडतात. घरी कडेचं पीठ गोळा करून परत लाटता येतं, सिलिकॉनचं तसं करता येत नाही, म्हणून वाया गेलेल्याचाही खर्च चांगल्या चिपांवरच बसतो. नवा घाणा काढताना बिघाड जास्त असतो. पीएस फाइव्हमधले चार कप्पे बंद ठेवण्याचं कारण हेच: चाळीसपैकी एखाद-दोन कप्पे बिघडलेली चिप फेकून न देता वापरता येते.

पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी चिप लहान करण्याचं तंत्र पुढे जायचं. तेवढ्याच पोळीत दुप्पट शंकरपाळे, आणि पोळीचा खर्च फारसा वाढायचा नाही. पीएस टूमध्ये तर दोन मुख्य चिप एकत्र करून एकच केली गेली, वीज कमी लागू लागली आणि २००४ मध्ये पातळ पीएस टू आला. आता शंकरपाळे अजूनही लहान होतात, पण पोळीच इतकी महाग झाली आहे की बचत उरत नाही. पीएस फाइव्हच्या चिपचं तंत्र ७ नॅनोमीटरवरून आणखी बारीक, ६ वर आलं तेव्हा मशीन हलकं झालं. किंमत खाली आली नाही.

त्यावर इतर ओझी आली. ऑगस्ट २०२२ मध्ये सोनीने महागाई आणि चलनदराचं कारण देत युरोप, जपान आणि इतर अनेक देशांत किंमत वाढवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतात ती ५४,९९० झाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये इथे आलेला त्याचा पातळ अवतार, स्लिमही त्याच किमतीला आला. अमेरिका तेव्हा वाचली होती, पण २०२५ मध्ये आयातशुल्काच्या गोंधळात तीही वाचली नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स मे महिन्यात ४९९ वरून ५९९ डॉलर झाला आणि ऑक्टोबरमध्ये ६४९. पीएस फाइव्ह ऑगस्टमध्ये ५० डॉलरनी वाढून ५४९ ला गेला. पाचव्या वर्षी किंमत चढते आहे. मे महिन्यातला हापूस फेब्रुवारीपेक्षा महाग मिळावा, असं हे झालं.

भाच्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. आणि यात ज्यांचं खरं नुकसान आहे ते म्हणजे सातव्या वर्षाची वाट बघणारी घरं. त्यांच्यासाठी जी पायरी असायची तीच उरली नाही. मला याचं वाईट वाटतं. भांडुपला आमच्या गल्लीत पहिला पीएस टू आला तो असाच, स्वस्त झाल्यावर, आणि त्यावर आळीपाळीने आठ-दहा पोरं खेळायची.

केव्हा आणायचा? घाई, उशीर आणि नोव्हेंबर

नवे कन्सोल बहुधा नोव्हेंबरात येतात, कारण अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि पुढे नाताळ. आपल्याकडे दसरा-दिवाळीला टीव्ही-फ्रिजची दुकानं जशी भरतात तसं. पण मुहूर्त हेच सगळं नाही. तीन गोष्टी एकाच वेळी तयार लागतात: माल, खेळायला गेम, आणि गिऱ्हाइकाच्या खिशाची तयारी. यातली एक मागे राहिली की मुहूर्त फुकट.

सेगा या जपानी कंपनीची गोष्ट यासाठी वाचायलाच हवी. सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ ला यायचा होता. सोनीचा पहिला प्लेस्टेशन त्याच सुमारास येणार होता. सोनीच्या आधी पोचायचं म्हणून सेगाने मे महिन्यातच, लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात जाहीर केलं की सॅटर्न आजपासून दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, "२९९" एवढंच बोलले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे सेगाचे गेम बनवणारे सप्टेंबर धरून चालले होते, त्यांचे गेम तयार नव्हते. माल इतका कमी होता की मोजक्याच दुकान-साखळ्यांना मिळाला. ज्यांना मिळाला नाही ते दुकानदार दुखावले, आणि केबी टॉइज या मोठ्या साखळीने तर सॅटर्न विकायचंच नाकारलं. चार महिन्यांची आघाडी घेतली ती रिकाम्या फडताळावर.

मग आधी येणं वाईटच का? तसंही नाही. एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधी आला आणि त्या वर्षात त्याने गेमवाले आणि गिऱ्हाईक दोन्ही बांधून घेतले. पण घाईची किंमतही मोजली: मशीन तापून बंद पडायची, समोर लाल दिव्यांचं कडं पेटायचं. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. २०२० मध्ये याच कंपनीच्या नव्या एक्सबॉक्सपाशी मशीन वेळेवर होतं, पण हेलो मालिकेतला मुख्य गेम पुढच्या वर्षावर गेला. घराची वास्तुशांत झाली, पण पाण्याचं कनेक्शन यायचं होतं.

तारीख लवकर सांगण्यातही धोका असतो. नवा येतोय म्हटलं की जुना कोणी घेत नाही. संगणकाच्या धंद्यात याला ऑस्बोर्नचं नाव पडलं आहे. ॲडम ऑस्बोर्न या उद्योजकाच्या कंपनीने नव्या मॉडेलची घोषणा फार लवकर केली, जुन्याची विक्री थंडावली आणि १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, असं सांगतात. काही जाणकार याला इतर कारणंही जोडतात. कन्सोलवाले हेच हत्यार दुसऱ्यावरही चालवतात. सेगाचा ड्रीमकास्ट सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत आला, १९९ डॉलरला, चांगल्या गेमसकट. पण पीएस टू येतोय, त्यात डीव्हीडीही चालणार, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक थांबले. जानेवारी २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कन्सोल बनवणंच सोडलं.

नोव्हेंबरची चौकट निन्टेन्डोने स्विच या कन्सोलच्या वेळी दोनदा मोडली. स्विच ३ मार्च २०१७ ला आला, म्हणजे जपानी आर्थिक वर्ष संपायच्या आत, झेल्डा मालिकेतल्या नव्या गेमसकट, आणि महिनाअखेरपर्यंत २७ लाखांवर गेला. स्विच टू ५ जून २०२५ ला आला आणि चार दिवसांत ३५ लाख विकला गेला. उन्हाळ्यात आणून नाताळपर्यंत कारखाने सहा महिने चालू ठेवायचे, हा मला जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो.

कंपन्या मुद्दाम टंचाई करतात, नाही का?

पीएस फाइव्हच्या वेळी हे सगळेच म्हणत होते. भारतात १२ जानेवारी २०२१ ला बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत संपलं. मग शहरातल्या एका दुकानात मला तोच कन्सोल ८० हजारांच्या आसपास सांगितला होता. राग येणं साहजिक आहे. पण हिशेब बघा. वरचे ३० हजार गेले असते ते मधल्या माणसाच्या खिशात, कंपनीला त्यातला पैसाही मिळाला नसता. उलट कन्सोल हातात नसलेलं गिऱ्हाईक गेम घेत नाही, म्हणजे जिथे कमाई आहे तीच अडते. खरं कारण घाण्याचं होतं: नवी चिप, तेव्हाची जगभरची चिपटंचाई, अडकलेली जहाजं.

मग सुरुवातीलाच किंमत जास्त ठेवून नंतर उतरवायला काय हरकत होती? निन्टेन्डोने हातात धरून खेळायच्या थ्रीडीएसच्या वेळी जवळपास हेच केलं. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत तो २४९.९९ डॉलरला आला, खप बसला, आणि सहा महिन्यांच्या आत किंमत १६९.९९ वर आणावी लागली. आधी घेणारे भडकले. त्यांची समजूत काढायला २० जुने गेम फुकट द्यावे लागले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. ही कृती मला मनापासून आवडली. थ्रीडीएस पुढे सावरला. पण पहिल्या दिवशी येणारं गिऱ्हाईक सर्वांत निष्ठावान असतं आणि त्यालाच फसल्यासारखं वाटावं, हे कोणत्याच धंद्याला परवडत नाही.

फक्त स्वस्त ठेवूनही भागत नाही. २०१२ चा वी यू २९९ डॉलरपासून मिळत होता, तरी दीड कोटीही खपला नाही. अनेकांना तो जुन्या वीचाच जोडभाग वाटला, आणि गेम कमी होते.

मुंबईत पोचेपर्यंत आकडा का फुगतो

४९९ डॉलर म्हणजे २०२० च्या दराने ३७ हजार रुपये. मग ४९,९९० कसे? पहिली गोष्ट, अमेरिकेतली छापील किंमत विक्रीकर सोडून असते, तो बिलावर वेगळा लागतो. आपली छापील किंमत सगळे कर धरून असते. कन्सोलवर सीमाशुल्क लागतं, त्यावर १८ टक्के जीएसटी. वाहतूक, वितरक, दुकानदार यांचा वाटा आणि पुढे रुपया घसरला तर असू द्यावी म्हणून थोडी जागा. ती भीती खोटी नव्हती: तेव्हा ७४ च्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या वर गेला.

उलट प्रकारही होतो. येन स्वस्त झाला, म्हणून निन्टेन्डोने जपानसाठी फक्त जपानी भाषेत चालणारा स्विच टू ४९,९८० येनला काढला, आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० ला. भाषेचं कुलूप नसतं तर स्वस्त खोकी परदेशी निघून गेली असती. भारत अजून अशा खास किमतीच्या रांगेत नाही. जास्त ताकदीचा पीएस फाइव्ह प्रो तर वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना तेव्हा इथे परवानगी नसल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये आलाच नाही. निन्टेन्डो अधिकृतपणे इथे विकत नाही. म्हणून काउंटरवर 'इम्पोर्टेड पीस' दिसतो, आणि बिघाड झाला की त्याचं ओझं एकट्या गिऱ्हाइकावर पडतं. पाच-सात हजार वाचवायला तो घ्यावा, अशी माझी मुळीच शिफारस नाही.

मग पुढचा केव्हा, कितीला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीच्या कन्सोलची रचना करणारे मार्क सर्नी यांनी एएमडी या चिप कंपनीसोबत चाललेल्या नव्या चिपतंत्राबद्दल बोलताना ते 'काही वर्षांत' येणाऱ्या कन्सोलमध्ये दिसेल असं सांगितलं. मायक्रोसॉफ्टनेही जून २०२५ मध्ये एएमडीशी भागीदारी जाहीर केली. म्हणजे तयारी सुरू आहे.

अडचण मेमरीची आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात, आणि एआयची प्रचंड डेटा सेंटर त्यांच्याकडून वाटेल त्या भावाने ती उचलत आहेत. गणपतीत दूध पेढ्या-मोदकांच्या माव्याकडे वळलं की आपल्या पिशवीचा भाव वाढतो, तसं हे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. पीएस फाइव्हमध्ये १६ जीबी मेमरी आहे, पुढच्यात त्याहून जास्तच लागेल. आज आकडा धरून कापड कापायला बसलं तर शर्ट तोकडा होईल, नाहीतर किंमत पीएस थ्रीसारखी बोचेल.

दुसऱ्या बाजूला कंपन्यांना घाई करायचं कारणही नाही. २०२० च्या मशीनवर अजून गेम उत्तम चालतात, आणि रॉकस्टार या गेम कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिलेला जीटीए सिक्स याच पिढीसाठी आहे. ज्या वर्षी एवढा मोठा गेम जुन्या मशीनवर येतो, त्या वर्षी नव्या मशीनची घोषणा करून आपलीच विक्री का थंडावायची? माझा अंदाज असा की पुढची पिढी लांबेल, अमेरिकेत ४९९ डॉलरला येणार नाही, आणि आपल्याकडे पहिल्या दिवशी ७० हजारांच्या खाली दिसली तर मला आश्चर्य वाटेल. हा माझा अंदाज आहे, कोणाची घोषणा नाही.

थांबलं की स्वस्त मिळतं, हा माझ्या पिढीचा नियम होता, तो कन्सोलपुरता तरी मी भाच्याला सांगितला नाही. खेळायचे गेम आजच असतील तर आज घ्यावा, नसतील तर पैसे बँकेत ठेवावेत, एवढंच म्हटलं.

दहा हजार स्वस्त असलेला

दुकानात एक गोष्ट राहिली होती. डिस्क न लागणारा डिजिटल पीएस फाइव्ह ४४,९९० ला होता. भाऊजी फोनवरून तोच घे म्हणून सांगत होते, दहा हजार वाचतात. डिस्कचा ड्राइव्ह दहा हजारांचा नसतो. मग कंपनी एवढी सूट का देते? डिजिटल घेतला आणि वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडला नाही, तर गेम फक्त कंपनीच्या दुकानातून, कंपनीच्या भावाने घ्यावा लागतो. उधार आणता येत नाही, मित्राला देता येत नाही, खेळून झाल्यावर विकता येत नाही. ती सूट मागाहून वसूल होते.

मी हे सांगत होते तोवर भाच्याने दुकानदाराला विचारलं, "काका, जुन्या डिस्क घेता का?" त्यांनी काउंटरखालचा खण ओढला. पन्नासेक डिस्क उभ्या लावलेल्या, काहींवर पेनने भाव. त्यातली एक त्यांनी बाहेर काढली. "नवी ४,९९९. ही २,२०० ला ने. संपली की आण, ओरखडा नसेल तर १,७०० ला परत घेईन."

भाच्याने खिशातून पेन काढलं, दुकानाच्या कार्डाच्या मागे लिहिलं: एक गेम ५००. खाली वर्षाला किती गेम होतील ते लिहून गुणाकार केला, डिजिटलवाल्या खोक्याकडे एकदा बघितलं, आणि मग भाऊजींना परत फोन लावला.